आबा, अ‍ॅव्हरेज आणि माझं ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, तुम्ही कधी आजोबांना बरोबर घेऊन कॉम्प्युटरचा पार्ट आणायला गेला आहात का? नाही ना? मग एकदा जरूर जा. फार गंमत येते. थोडी फजितीही होते. माझी तर अशी फजिती झाली की विचारू नका! पण ती कॉम्प्युटरमुळे झाली नाही, माझ्या तोंडामुळे झाली. कशी ते पुढे सांगतोच.

आमचं घर साताऱ्याला. घरात आई, बाबा, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावरचं केळघर घाटातलं एकेक वळण त्यांना अजून तोंडपाठ आहे. २००६ साली ते निवृत्त झाले. पुढे डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली आणि गाडी चालवणं कायमचं सुटलं.

आमच्या घरात दुसरा एक पेन्शनरही आहे. तो म्हणजे आमचा कॉम्प्युटर! २०२२ साली बाबांनी तो जुना विकत घेतला. आधी तो कुठल्याशा ऑफिसात टेबलाखाली बसून हिशेब करायचा. सहा कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, छोटंसं चपटं कॅबिनेट आणि एकोणीस इंची जुना मॉनिटर. आबा त्याच्याकडे बघून म्हणायचे, "आम्ही दोघं पेन्शनर. हळू चालतो, पण चालतो!"

हळू म्हणजे किती हळू? अभ्यासाला, टायपिंगला, व्हिडिओ बघायला काही अडचण नव्हती. पण गेम लावला की बिचारा धापा टाकायचा. गाडी पळतेय तर पळतेय, मध्येच थबकतेय, मग एकदम चार पावलं पुढे. माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे मोठं ग्राफिक्स कार्ड. त्याच्या घरी तोच गेम लोण्यासारखा चालायचा. तिथून घरी आलो की मला आमच्या पेन्शनरचा भारी राग यायचा.

आचारी आणि वाढपी

आता हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे नक्की काय, ते सोपं करून सांगतो.

पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं असतं. हल्लीच्या साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा. २० लाख ७३ हजार ६०० ठिपके! आणि गेममध्ये चित्र हलतं दिसायला हवं असेल, तर सेकंदाला ६० वेळा हे सगळे ठिपके नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपके. बापरे!

प्रोसेसर हा लग्नातल्या आचाऱ्यासारखा. हुशार असतो, कुठलाही अवघड पदार्थ करतो. पण पाचशे पानांची पंगत बसली आणि त्यालाच वाढायला लावलं, तर? शेवटच्या पानापर्यंत भात पोचेतो पहिला माणूस हात धुऊन घरी जाईल! वाढायला पुष्कळ माणसं लागतात. ती फार हुशार नसली तरी चालतात, पण सगळ्यांनी एकाच वेळी वाकून वाढायला हवं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही वाढप्यांची फौज. आमच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर. आणि मी आणलेल्या कार्डात छोटे छोटे कोअर किती? २,३०४!

आमच्या प्रोसेसरच्या पोटातही लहानसा ग्राफिक्सचा भाग होताच. पण तो पडला बिचारा पोटभाडेकरू. त्याला स्वतःची मेमरी नाही. मेमरी मागायची ती प्रोसेसरच्याच रॅममधून. कार्डाची मात्र स्वतःची मेमरी असते, आणि ती पुष्कळ वेगवान असते.

एक लहानशी थाप

दहावीच्या परीक्षेनंतर मी ठरवलंच, कार्ड घ्यायचं. दोन दिवाळ्यांत आकाशकंदील करून विकले होते, त्याचे ४,८०० रुपये साठले होते. सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात बसलो, त्याचे ४,५०० मिळाले. दहावीचा निकाल लागल्यावर मामा, आत्या, काका यांनी मिळून ३,००० बक्षीस दिलं. एकूण १२,३००. आणि कार्ड होतं सतरा हजारांच्या पुढे. अडले ना घोडे!

बाबा एका दुकानात हिशेब लिहितात. घरातही त्यांची एक वही असते. दूध, किराणा, लाइट बिल, सगळं त्यात तारीखवार. "खेळायला पाहिजे" म्हटलं तर ते नाही म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हणालो, "बाबा, अकरावीला सायन्स घेणार ना मी? थ्रीडी ड्रॉइंग शिकायचंय. पुढे इंजिनिअरिंगला उपयोग होईल. त्याला हे कार्ड लागतंच."

थ्रीडी ड्रॉइंगला कार्डाचा उपयोग होतो, हे खरं. पण मला ते शिकायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अभ्यासाला लागत असेल तर घे. पण माझ्याकडे या महिन्यात पैसे नाहीत."

आबा कॉटवर पडून हे ऐकत होते. ते उठले, ट्रंक उघडली आणि पाच हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. "दर महिन्याला पाचशे परत दे. उसने हायेत, बक्षीस न्हाई," एवढंच म्हणाले.

मला इतका आनंद झाला, की आपण थाप मारली आहे हे मी पार विसरूनच गेलो. निदान त्या दिवशी तरी.

"खातं किती?"

आता कुठलं कार्ड घ्यायचं? मित्राच्या ओळखीत एक जुनं कार्ड विकायला होतं. जीफोर्स जीटीएक्स १६६० सुपर. २०१९ सालचं, पण वेगाने मी बघितलेल्या नव्या कार्डापेक्षा थोडं वरचढच. शिवाय स्वस्त. मी तर हुरळून गेलो. आबांना ते कार्ड किती पळतं, कसं पळतं, सगळं रंगवून सांगितलं.

आबांनी शांतपणे विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. खातं किती?"

"म्हणजे?"

"आरं, गाडी घेताना माणूस काय इचारतो? अ‍ॅव्हरेज किती देती! डिझेल खाती किती, आन् टाकी केवढी. तुझं हे कार्ड लाइट किती खातं?"

मला सांगता येईना. मग शोधलं. ते जुनं कार्ड १२५ वॅट खातं. आणि आमची टाकी? म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. त्याच्यावरचं लेबल आबांनी भिंगातून वाचलं. २४० वॅट. आम्ही कागदावर बेरीज मांडली. प्रोसेसर ६५, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून अंदाजे ४०, आणि कार्ड १२५. झाले २३०!

"बसतंय की!" मी म्हणालो.

"बसतंय, पर चढणार न्हाई," आबा म्हणाले. "घाटात इंजिनाला दम ठिवावा लागतो. सपाटीवर कुणीबी पळवंल."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडावी लागते. आमच्या एसएमपीएसला तसली वायरच नव्हती!

दोस्तहो, कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतं, तिला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट म्हणतात. त्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला वरून वायर लागते. म्हणजे आम्हाला हवं होतं ७५ वॅटच्या आत जेवणारं कार्ड.

असं एक कार्ड सापडलं. एनव्हिडिया कंपनीचं जीफोर्स आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आलं होतं. खाणं ७० वॅट. वरून वायर नको. पुन्हा बेरीज केली. ६५ अधिक ४० अधिक ७०, झाले १७५. आबांनी मान डोलावली. "आता चढंल."

पण इथे एक मेख आहे बरं का! ३०५० याच नावाचं आणखी एक कार्ड आहे. ते जानेवारी २०२२ मध्ये आलेलं, ८ जीबीचं. त्यात २,५६० कोअर आहेत आणि ते १३० वॅट खातं. नाव एकच, पण अंगापिंडाने ही दोन निराळी भावंडं. फरक नुसता दोन जीबीचा नाही. मोठ्याच्या मेमरीचा रस्ता १२८ बिटांचा, धाकट्याचा ९६ बिटांचा. म्हणजे रस्ता अरुंद. मोठ्याच्या रस्त्यावरून सेकंदाला २२४ जीबी माहिती धावते, धाकट्याच्या १६८. तेव्हा तुम्ही कधी घ्यायला गेलात, तर नुसतं नाव वाचून पैसे देऊ नका. खालची बारीक अक्षरं वाचा.

आमचं कॅबिनेट चपटं, म्हणून आईने शिवणकामाची टेप काढून दिली. आत मोजलं. पूर्ण उंचीचं कार्ड बसणारच नव्हतं. 'लो प्रोफाइल', म्हणजे बुटकं कार्ड हवं होतं. बरं झालं मोजलं!

खंबाटकीचा घाट

जूनच्या पहिल्या शनिवारी आबा आणि मी एसटीने पुण्याला गेलो. आबांचं वय ७६, म्हणून त्यांना एसटीचं तिकीट लागत नाही. ते त्यांनी मला वाटेत तीनदा ऐकवलं.

तपकीर गल्लीतली ती गर्दी काय सांगू! वायरी, दिवे, चार्जर, स्पीकर, माणसं, स्कूटरी. दुकानदाराने किंमत सांगितली १७,८००. मी पैसे काढायलाच लागलो होतो. आबांनी माझा हात धरला. मग पंधरा मिनिटं दोघांचं असं काही चाललं, की मला वाटलं आता भांडण होणार. शेवटी १७,३०० वर सौदा ठरला आणि दोघं एकमेकांना चहा पाजायला लागले! दुकानदाराने मला विचारलं, "पॉवर सप्लाय केवढा आहे?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "दोनशे चाळीस. बेरीज केलीया आम्ही." दुकानदार बघतच राहिला.

माझ्या १२,३०० मध्ये आबांचे ५,००० घातले आणि हिशेब पुरा झाला. खिशात शिल्लक शून्य.

परतताना खोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्हाला माहीत असेल, तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून जायची, पण येताना मात्र घाट चढावा लागायचा. घाट लागला तसे आबा सावरून बसले. त्यांचा डावा पाय हळूच पुढे दाबला जायचा, मग सैल व्हायचा. क्लच! गाडीचा गिअर बदलला की त्यांचाही पाय हलायचा. अठरा वर्षं झाली निवृत्त होऊन, तरी पाय विसरला नव्हता.

कंडक्टर ओळखीचे निघाले. त्यांनी खोक्याकडे बघून विचारलं, "काय घेतलं काका?"

आबा छाती फुगवून म्हणाले, "नातवाच्या अभ्यासाची वस्तू हाय. विंजिनेर व्हायचंय त्याला."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मांडीवरचं खोकं एकदम जड झालं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

काळोख!

घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले होते. हातपायही न धुता मी कामाला लागलो. कॉम्प्युटर बंद केला. भिंतीतला प्लग काढला. अंगातली स्थिर वीज नाजूक पार्टला मारक असते, म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. कार्डाबरोबर उंच आणि बुटक्या अशा दोन पट्ट्या येतात. मी बुटकी पट्टी बसवली. कार्ड खाचेवर धरलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. खट्ट! बसलं. स्क्रू लावला. आबा टॉर्च धरून उभे होते.

आता मॉनिटरची वायर जोडायची. मी कार्डाची मागची बाजू बघितली. पुन्हा बघितली. आणि माझ्या पोटात गोळाच आला.

आमचा मॉनिटर जुना. त्याला एकच जागा, निळ्या पिनची व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेली. आणि नव्या कार्डावर होत्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. व्हीजीए नाहीच! वॅट मोजले, उंची मोजली, मेमरीचे बिट मोजले. पण मॉनिटरची वायर बघायची राहून गेली होती. वायर जुन्या जागेला, मदरबोर्डला लावून बघितली. पडद्यावर काळोख. नवं कार्ड दिसताच कॉम्प्युटरने जुनी वाट बंद केली होती.

एचडीएमआयमधून येणारी खूण डिजिटल असते आणि व्हीजीएची अ‍ॅनालॉग. एकीचं दुसरीत रूपांतर करणारं एक छोटं कन्व्हर्टर मिळतं. साडेतीनशे रुपये. चौकातलं दुकान नऊपर्यंत उघडं होतं. पण खिशात शून्य!

मी बाबांकडे गेलो. "बाबा, साडेतीनशे रुपये हवेत. आत्ताच."

बाबा वही लिहीत होते. म्हणाले, "उद्या आण की. अभ्यासाच्या गोष्टीला रात्रीची एवढी काय घाई?"

झालं! याला काय उत्तर देणार? उद्या रविवार, सकाळी मित्र गेम बघायला येणार होता, ही माझी घाई. मी नुसताच उभा राहिलो. बाबांनी मान वर केली. आबा दारातच टॉर्च घेऊन उभे होते. टॉर्च अजून चालूच होता.

कसं ते माहीत नाही, पण मी बोलून गेलो. "बाबा, अभ्यासाला नाही आणलं. खेळायला आणलंय. मी खोटं बोललो."

कुणीच काही बोललं नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली. आबांनी टॉर्च बंद केला, खुंटीला अडकवला आणि कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "खेळायला पाहिजे म्हणाला असतास, तर मी नाही म्हणालो असतो. मग तू रागावला असतास, चार दिवस बोलला नसतास. तेवढं चाललं असतं. हे चालत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा हजारांचं कार्ड अंधारात बसलं होतं आणि मी अंथरुणात.

पहिलं दर्शन

सकाळी उठलो तर टेबलावर साडेतीनशे रुपये ठेवलेले होते. शेजारी वही उघडी होती. शनिवारच्या तारखेला बाबांनी आधी लिहिलं होतं, 'ग्राफिक्स कार्ड – शिक्षण'. त्यातला 'शिक्षण' हा शब्द खोडून वर लिहिलं होतं, 'खेळ'. आणि खाली नवी ओळ, 'कन्व्हर्टर – खेळ – ३५० – येणे'. म्हणजे हेही मलाच फेडायचे होते!

मी मित्राला येऊ नको म्हणून सांगितलं. कन्व्हर्टर आणला, जोडला, बटण दाबलं. पडदा उजळला. हुश्श! कार्डाचा ड्रायव्हर घालायला अर्धा तास गेला.

आता माझी पहिली मतं सांगतो. अगदी खरी खरी.

एक. आमचा मॉनिटर जुना, त्याचे ठिपके १,३६६ गुणिले ७६८. म्हणजे साडेदहा लाखांच्या आत. फुल एचडीच्या निम्मेच! मला या मॉनिटरची लाज वाटायची. पण कार्डाला त्यामुळे निम्मीच पंगत वाढायची होती. जो ट्रकचा गेम आधी कसाबसा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं द्यायचा, तो आता सगळी सजावट वाढवूनही साठ द्यायला लागला. पावसाचे थेंब काचेवर ओघळताना दिसायला लागले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दोन. आवाज. जोरात काम करताना पंखा घूं करतो, पण आमच्या घरातल्या छताच्या पंख्यापुढे तो ऐकू येत नाही. तापमान पासष्ट अंशांच्या आसपास राहिलं.

तीन. या कार्डात डीएलएसएस नावाची एक युक्ती आहे. ठिपक्यांची रांगोळी आठवा. कार्ड थोड्याच ठिपक्यांचं चित्र काढतं आणि मधल्या जागा त्यातला एक खास भाग अंदाजाने भरतो. मोठ्या मॉनिटरवर याचा चांगला उपयोग होतो. पण आमच्यावर मुळातच ठिपके कमी. आणखी कमी केले की रांगोळी फिसकटते! म्हणून मी ते बंदच ठेवलं.

चार. मोठे नवे गेम 'सगळं जास्तीत जास्त' लावून खेळता येतील, असं समजू नका. ६ जीबी मेमरी त्यांना अपुरी पडते. मधल्या सेटिंगवर समाधान मानायचं. ७० वॅटमध्ये घाट चढेल, पण पहिल्या नंबराने नाही.

आबा चालवतात

दुपारी चहानंतर आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. रात्रीपासून बोलले नव्हते. पडद्यावर युरो ट्रक सिम्युलेटर २ चालू होता. प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२ साली काढलेला. यात शर्यत नाही, मारामारी नाही. ट्रकमध्ये माल भरायचा आणि युरोपभर पोचवायचा.

बराच वेळ बघून आबा म्हणाले, "सरक."

मी सरकलो. आबांनी चष्मा पुसला. "क्लच कुठंय?"

"क्लच नाही आबा. ही कळ दाबली की पुढे, ही दाबली की ब्रेक."

ट्रक जर्मनीत होता. आबांनी तो सफाईने रस्त्यावर आणला आणि नेमाने डाव्या बाजूला घेतला. समोरून गाडी आली आणि धडाम! तिकडे उजवीकडून चालवतात ना! आबा भयंकर चिडले. "चूक त्याची हाय!" मग मी दुसरी फेरी लावून दिली, इंग्लंडातली, डोव्हर बंदरातून. तिथे आपल्यासारखंच डावीकडून. "ही माणसं शहाणी दिसत्यात," आबा म्हणाले आणि ताशी चाळीसच्या वेगाने, प्रत्येक सिग्नलला थांबत निघाले. टेबलाखाली त्यांचा डावा पाय हलत होता.

एका गावात शिरताना ट्रक क्षणभर थबकला आणि पुन्हा निघाला. "दचकली गाडी," आबा म्हणाले.

मी कोपऱ्यातला आकडा दाखवला. "नाही आबा, साठची सरासरी आहे."

"आरं, सरासरी काय सांगतुस? साताऱ्यास्नं म्हाबळेश्वरला दोन तासांत गाडी गेली, म्हंजी वाटंत प्रवाशाचं डोकं आपटलं न्हाई असं हाय का?"

मी हिशेब केला. सेकंदाला ६०, म्हणजे मिनिटाला ३,६०० चित्रं. मध्ये अर्धा सेकंद गाडी थबकली, तर ३० चित्रं गळाली. उरली ३,५७०. सरासरी ५९.५! आकड्यात काही कळतच नाही, पण डोळ्याला मात्र धक्का बसतो. आबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण धक्का कळतो. मग शोधलं, तर दोष कार्डाचा नव्हताच. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवलेला होता. गाव आलं की तिथली घरं, झाडं डिस्कवरून यायला वेळ लागायचा. गेम एसएसडीवर हलवला आणि दचकणं जवळजवळ थांबलं. इंजिन नवं बसवलं, तरी चाकं जुनीच असली तर काय उपयोग!

उठताना आबा म्हणाले, "म्हयन्याचे पाचशे इसरू नगंस." बस्स, एवढंच. पण बोलले.

जुलै २०२४ पासून मी दर महिन्याला पाचशे रुपये दिले. झेरॉक्सच्या दुकानात रविवारी बसून. एप्रिल २०२५ मध्ये दहावा हप्ता दिला आणि उसने फिटले. बाबांचे साडेतीनशे तर त्याआधीच. त्यानंतर २०२५ मध्ये ५० मालिकेतलं आरटीएक्स ५०५० आलं. ८ जीबी मेमरी, पण १३० वॅट. आमच्या पेन्शनरला ते पेलायचं नाही. आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

बाबांची ती वही मी अजून कधी कधी उघडतो. खोडलेलं 'शिक्षण' त्याखालून नीट वाचता येतं.

आणि हो, संध्याकाळी पाच ते सहा कॉम्प्युटर मला मिळत नाही. डोव्हरहून गाडी सुटायची वेळ असते ती!